नदीकाठच्या ज्येष्ठ निवासांना पुराच्या नियमांतून सूट नको: बडोद्याच्या महानगर सेवासदनास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, वडोदरा महानगर सेवासदन, खंडेराव मार्केट,
मा. अध्यक्ष, वडोदरा शहरी विकास प्राधिकरण,
आणि स्थायी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: विश्वामित्री नदीच्या काठालगत ज्येष्ठ नागरिकांच्या निवासी प्रकल्पांना द्यावयाच्या सवलती, झोनबदल आणि रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी)

सन्माननीय महोदय,

बडोद्यात वृद्धांसाठी स्वतंत्र, नीट आखलेली घरे व्हावीत असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच हे पत्र मी लिहीत आहे. अशा घरांची योजना नदीकाठच्या जमिनीवर मांडली जाते आणि ‘प्रकल्प ज्येष्ठांसाठी आहे’ या कारणाने पात्रापासूनचे अंतर, जमिनीची पातळी किंवा तळघर यांच्या नियमांत शिथिलता मागितली जाते, तेव्हा ती देऊ नये, अशी माझी विनंती आहे. राहणारा माणूस म्हातारा आहे ही बाब नियम सैल करण्याचे कारण ठरू शकत नाही. ती नियम अधिक कडकपणे लावण्याचे कारण आहे. मात्र पुराशी संबंध नसलेल्या कितीतरी नियमांत अशा घरांना मोकळ्या मनाने सूट देता येईल. तीही आपण द्यावी, असे मी पुढे सविस्तर मागणार आहे. या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयात रीतसर दिली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करते आहे, कारण ज्या घरांतून अशा सदनिकांची चौकशी सुरू आहे त्यांत मराठी घरे बरीच आहेत.

गरज खरी आहे, हे आधी मान्य करायला हवे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतील जुन्या घरांत आज अनेक ठिकाणी केवळ दोन म्हातारी माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात आहेत. घराचे जिने अरुंद आणि उभे आहेत, न्हाणीघर खालच्या मजल्यावर आणि झोपायची खोली वरच्या, आणि रात्री कोणी पडले तर हाक ऐकणारे शेजारी स्वतःच पंचाहत्तरीच्या पुढचे. अशा कुटुंबाला लिफ्ट असलेले, दारात उंबरठा नसलेले, आवारात परिचारिका आणि जेवणाची सोय असलेले घर मिळाले तर मुलांच्या जिवाचा घोर निम्मा कमी होतो. माता-पिता आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम असावा आणि त्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय व्हावी असे सांगतो. पण ज्यांचे पेन्शन चालू आहे, ज्यांना आश्रम नको आहे आणि एकटे राहणेही झेपत नाही, अशा मधल्या वर्गाला त्या तरतुदीचा उपयोग नाही. ही जागा खाजगी विकासकच भरून काढणार, आणि त्यांनी ती भरावी यात काही गैर नाही.

त्यांना नदीकाठ का हवा असतो, हेही समजण्यासारखे आहे. शहराच्या मध्याजवळ राहून इतकी मोकळी, झाडी असलेली जमीन दुसरीकडे मिळत नाही. पूररेषेजवळची किंवा शेतीझोनमधली जमीन तुलनेने स्वस्त पडते. वृद्धांना शांतता हवी असते, सकाळी फिरायला सपाट वाट हवी असते, पक्ष्यांचा आवाज हवा असतो, आणि विश्वामित्रीच्या कोतरांच्या (काठालगतच्या घळींच्या) काठावर हे सगळे आठ महिने खरोखर मिळते. गेल्या वर्षी पात्राची सफाई आणि रुंदीकरण झाल्यापासून ‘आता पुराचा प्रश्न मिटला’ असेही कानावर येऊ लागले आहे. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी आपण जो गाळ काढला, पात्र मोकळे केले, ते काम आवश्यक होते आणि त्याबद्दल नागरिक म्हणून मी आपली आभारी आहे. पण पात्रात वाढवलेली ही जागा पाण्यासाठी आहे. तिच्या भरवशावर काठ बांधकामासाठी खुला केला, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल.

या नदीचा स्वभाव आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तरीही रजाचिठ्ठीच्या फाइलीत तो दिसत नाही, म्हणून येथे लिहिते. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. तिच्या पाणलोटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेले आजवा सरोवर आहे आणि प्रतापपुऱ्याचा जलाशय आहे. शहरात थेंबही पडत नसताना, वर झालेल्या पावसाने आजव्याच्या ६२ दरवाजांवरून पाणी वाहू लागले की काही तासांनी ते काळ्या घोड्याच्या पुलाखाली पोहोचते. शहराची जमीन सपाट, नदी वळणावळणाची, आणि खाली ती ज्या ढाढर नदीला मिळते तिलाही त्याच वेळी पूर असतो. त्यामुळे इथले पाणी डोंगराळ नदीसारखे येऊन निघून जात नाही. ते चढते, थांबते आणि सावकाश ओसरते. शिवाय ते केवळ नदीच्या काठावरून शिरत नाही. भुखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस यांसारख्या ज्या कांसांच्या, म्हणजे ओढ्या-नाल्यांच्या, वाटांनी शहराचे पाणी नदीत जायचे, त्याच वाटांनी नदी भरल्यावर ते उलटे आत येते. नदीपासून दूर दिसणारा पण कांसेला लागून असलेला भूखंडही म्हणूनच ‘काठावरचा’ आहे. नियम लावताना ही गोष्ट वारंवार निसटते.

३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेकांनी ती अपवादात्मक घटना मानली. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्या वर गेली, लष्कराला आणि एनडीआरएफला बोलवावे लागले, आणि शहराचे मोठे भाग दोन-तीन दिवस पाण्यात आणि अंधारात राहिले. त्या दिवसांत मी आणि माझे यजमान तिसऱ्या मजल्यावर होतो. आमच्या घरात पाणी आले नाही, आणि म्हणून नोंदीच्या दृष्टीने आम्ही पूरग्रस्त नव्हतो. पण त्या तीन मजल्यांच्या उंचीवर म्हातारपणात काय होते, ते मी पाहिले आहे, आणि माझ्या मते या सबंध विषयाचा गाभा तिथेच आहे.

वीज सुरक्षिततेसाठी बंद करावी लागते, आणि ते योग्यच आहे. वीज गेली की लिफ्ट थांबते, आणि ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांच्यासाठी तिसरा मजला आणि अकरावा मजला यांत फरक उरत नाही. पाण्याचा पंप तळघरात असतो. तो बुडाला की वरची टाकी एका दिवसात संपते, आणि ज्याला दिवसातून दहा वेळा शौचालयात जावे लागते त्या माणसाला पाण्यावाचून काय यातना होतात, ते सांगण्याची गरज नाही. जनरेटर असतो, पण बहुतेक इमारतींत तो जमिनीच्या पातळीवर, कुंपणाच्या कडेला बसवलेला असतो, आणि सर्वांत आधी तोच बुडतो. इन्सुलिन थंड ठेवायचे कुठे? ऑक्सिजन देणारे यंत्र बॅटरीवर किती तास चालणार? ज्याचे डायलिसिस एक दिवसाआड ठरलेले आहे त्याने होडीची वाट पाहायची की नाही? होडी आली तरी लकवा झालेल्या माणसाला जिन्यावरून उतरवून डगमगत्या होडीत बसवायला चार धडधाकट माणसे लागतात. तरुण कुटुंबांच्या सोसायटीत ती निघतात. ज्या इमारतीत सगळेच रहिवासी सत्तरीच्या पुढचे आहेत आणि रात्रपाळीला दोनच मदतनीस आहेत, तिथे ती कोठून आणायची? साधारण वस्तीत शंभर घरांमागे पाच-दहा माणसे अशी असतात की त्यांना उचलून न्यावे लागेल. ज्येष्ठ निवासात जवळजवळ सगळीच असतात. बचाव पथकाची एक होडी अशा एका इमारतीपाशी अडकली की उरलेल्या विभागाचे काय, हा प्रश्न तर वेगळाच.

यात आपल्या शहराची एक खास अडचण आहे. पूर आला की नदीतल्या मगरी पाण्याबरोबर रस्त्यांत आणि आवारांत येतात. २०२४ मध्ये त्या वस्तीतून पकडून न्याव्या लागल्या. त्यांचा दोष नाही, नदी त्यांची आहे. पण गुडघाभर पाण्यातून चालत मदत आणणे इथे इतर शहरांइतके सरळ नसते, आणि काठाला लागून चालण्याची वाट आखणाऱ्या नकाशात याचा विचार झालेला असला पाहिजे.

आता सवलतींकडे येते. फाइलीवर त्या किरकोळ दिसतात. पात्रापासून सोडायच्या अंतरात थोडी कपात, भराव घालून जोता उंच करण्याची परवानगी, वाहनतळासाठी तळघर, शेतीझोनचा निवासीझोन. यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर तिचे समर्थन करता येते. एकत्र पाहिल्या की चित्र बदलते. अंतर कमी केल्याने इमारत कोतराच्या कडेवर येते. जोता उंचावण्यासाठी कोतरात माती आणि राडारोडा पडतो. कोतरे ही नदीची जास्तीचे पाणी सामावून घेण्याची जागा आहे. ती बुजली की तेवढे पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी घरात जाते. इमारत स्वतः कोरडी राहीलही, पण तिच्याकडे जाणारा रस्ता बुडालेला असेल, आणि वृद्धाला तर घर कोरडे असण्याइतकाच दवाखान्याचा रस्ता कोरडा असणे गरजेचे असते. विकासकाने सरकवलेले पाणी परशुराम भठ्ठ्यासारख्या, दर मोठ्या पुरात आधी खाली करावी लागणाऱ्या वस्त्यांकडे जाते. पैसेवाल्या म्हाताऱ्यांचा जोता उंच करण्यासाठी गरीब म्हाताऱ्यांच्या घरात पाणी लोटणे, हे आपल्यापैकी कोणालाही मान्य होणार नाही. पण फाइलीत ती दुसरी वस्ती नसतेच, त्यामुळे तसे ठरवल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

काठाच्या जमिनीचा चांगला उपयोग कसा करावा याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. सयाजीबाग १८७९ पासून नदीच्या दोन्ही काठांवर आहे. मोठा पूर आला की बागेत पाणी शिरते, नुकसान होते, प्राणिसंग्रहालयाची तारांबळ उडते. पण पाणी ओसरले की सफाई करून बाग पुन्हा उघडते, आणि तिने सामावलेले पाणी तेवढ्यापुरते तरी कोणाच्या घरात गेलेले नसते. ज्येष्ठांना नदी हवी असेल तर अशा काठावर बसण्याच्या जागा, सावली, बाके आणि स्वच्छतागृहे द्या. राहायला आणि झोपायला मात्र उंचावरची जागा द्या.

कायद्याची बाजू मी थोडक्यात मांडते, कारण ती आपल्याला माहीत आहे. पूरमैदानांचे विभाग पाडून बांधकामावर नियंत्रण ठेवण्याच्या नमुना विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने १९७५ साली राज्यांकडे पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्या राज्यांनीच तसे कायदे केले. गुजरात त्यांत नाही. म्हणजे आपल्याकडे पुरापासून संरक्षण देणारी खरी भिंत म्हणजे २०१७ च्या सामायिक विकास नियंत्रण नियमावलीत नदी, तलाव आणि कांस यांच्यापासून सोडायला सांगितलेले अंतर आणि विकास आराखड्यातले झोन, एवढीच. ती आधीच बारीक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या संदर्भात नदीक्षेत्राची आखणी, अतिक्रमणे हटवणे आणि काठाचे संरक्षण यांचे निर्देश दिलेले आहेत. त्यातच २०११ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये ‘इम्पॅक्ट फी’ भरून विनापरवाना बांधकामे नियमित करण्याचे कायदे झाले, त्यामुळे आज नियम मोडला तरी उद्या तो पैसे भरून सुटेल अशी भावना लोकांत रुजली आहे. अशा स्थितीत रीतसर दिलेली सवलतही पुढच्या दहा अर्जदारांसाठी दाखला ठरते. पहिल्या प्रकल्पात ज्येष्ठांचे नाव असेल. दुसऱ्यात क्लब-हाउस असेल आणि तिसऱ्यात काहीच कारण लागणार नाही.

कामकाजाच्या पद्धतीबद्दलही एक तक्रार आहे, आणि ती कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. विकास आराखड्यात झोन बदलायचा असेल तर जाहीर सूचना निघते, हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि सामान्य माणसाला निदान बोलण्याची संधी मिळते. परवानगी देताना केलेली शिथिलता मात्र फाइलीतच राहते. शेजारच्या सोसायटीला ती कळते तेव्हा भराव पडलेला असतो. नदी किंवा कांस यांच्यालगतच्या कोणत्याही भूखंडावर कसलीही सवलत द्यायची झाल्यास तिची सूचना आपण संकेतस्थळावर आणि जागेवर फलक लावून, सोप्या गुजरातीत, कारणांसह प्रसिद्ध करावी आणि निदान एक सुनावणी घ्यावी. सवलत ज्येष्ठांच्या नावाने मागितली असेल तर सुनावणी दुपारी, लिफ्ट असलेल्या इमारतीत ठेवावी, म्हणजे ज्येष्ठांनाही येता येईल.

मग वृद्धांची घरे कुठे बांधायची, असा प्रश्न आपण विचाराल. याचे उत्तर आपल्याच हातात आहे. १९७६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे टीपी स्कीम (नगररचना योजना) करताना जी जमीन कापून घेतली जाते, तिच्यात योजनेच्या एकूण क्षेत्राच्या पाच टक्क्यांपर्यंत जमीन शाळा, दवाखाना यांसारख्या सामाजिक सोयींसाठी आणि पंधरा टक्क्यांपर्यंत विक्रीसाठी ठेवता येते. नदीपासून आणि कांसेपासून दूर, रुंद रस्त्यावर, रुग्णालयाजवळ असलेल्या अशा काही भूखंडांवर ज्येष्ठ निवास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उभारता येतील. जमिनीची किंमत हीच विकासकाला काठाकडे ढकलते. तो भार आपण हलका केला, तर काठावरच्या सवलतीची मागणी आपोआप कमी होईल. भाडेपट्ट्याच्या अटीत काही खोल्या कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी राखता येतील.

आणि सवलती द्यायच्याच असतील तर त्या इथे द्या. ज्येष्ठ निवासात प्रत्येक घरामागे मोटार नसते. वाहनतळाची अट निम्म्यावर आणा, म्हणजे तळघर खणण्याचे कारणच उरणार नाही. निवासी इमारतीत भोजनगृह, फिजिओथेरपीची खोली, औषधाचे दुकान आणि डॉक्टरची खोली यांना मोकळेपणाने परवानगी द्या आणि त्यांचे क्षेत्र एफएसआयमधून, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याच्या मोजणीतून, वगळा. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, रुंद मार्गिका आणि उतार यांसाठी लागणारी जागाही मोजू नका. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या निवासांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांच्या आधारे आपण ‘ज्येष्ठ निवास’ हा वेगळा प्रकार परवानगीच्या कागदात आणावा. आज तो नसल्यामुळेच कोणीही साधी सदनिकांची इमारत ज्येष्ठांच्या नावाने मांडतो, सवलत घेतो, आणि पुढे सदनिका कोणालाही विकल्या जातात. जुन्या शहरातील वाड्यांच्या मालकांनी तळमजल्यावर न्हाणीघर बांधायला किंवा बाहेरून छोटी लिफ्ट बसवायला परवानगी मागितली, तर तीही लवकर मिळाली पाहिजे. कित्येक वृद्धांना नवे घर नकोच आहे. आहे तेच घर वापरता आले तर पुरे.

काही ठिकाणी काठाजवळच्या प्रकल्पांना रजाचिठ्ठी आधीच मिळालेली असेल आणि कायद्याने ती मागे घेता येणार नसेल, हे मला समजते. तिथे बीयू परवानगीच्या, म्हणजे बांधलेली इमारत वापरण्याच्या परवानगीच्या, वेळी आपले अधिकार वापरावेत. २०२४ च्या पुराची जागेवरची खूण हीच पातळी धरून विजेचे पॅनेल, पंप आणि जनरेटर तिच्या बरेच वर असल्याशिवाय बीयू देऊ नये. अग्निशमन दलाने प्रत्यक्ष सराव घेऊन, सर्व रहिवाशांना किती वेळात कुठे हलवता येते, हे पाहिलेले असावे. पूर आल्यावर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या रस्त्याने न्यायचे, याचा करार लेखी असावा. आणि २०१९ व २०२४ मध्ये त्या भूखंडावर पाणी कुठपर्यंत आले होते, हे विक्रीच्या कागदात आणि रेराच्या (स्थावर मालमत्ता नियामकाच्या) नोंदणीत ठळक अक्षरांत लिहिलेले असावे, कारण या सदनिका बहुतेक वेळा परदेशातली मुले छायाचित्रे पाहून घेतात, आणि राहायला त्यांचे आई-वडील जातात.

शेवटची मागणी माहितीची आहे. २०१९ पासून विश्वामित्री आणि तिच्या कांसांच्या लगतच्या भूखंडांवर दिलेल्या सर्व झोनबदलांची आणि सवलतींची यादी, टीपी क्रमांक, अंतिम भूखंड क्रमांक आणि कारण यांसह, आपण प्रसिद्ध करावी, आणि २०२४ ची पूररेषा टीपी नकाशांवर आखून तो नकाशा वॉर्ड कार्यालयांत लावावा. ही दोन्ही कामे पूर्ण होईपर्यंत पूररेषेच्या आतील कोणत्याही ज्येष्ठ निवास प्रकल्पाला नवी रजाचिठ्ठी देऊ नये, असा ठराव स्थायी समितीने आपल्या येत्या बैठकीत करावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
बडोद्यातील एक ज्येष्ठ नागरिक